नव्या हाताचं लघुचित्र: किंमत सांगण्याआधी काय काय पाहावं

राजस्थानी किंवा पहाडी शैलीतलं एखादं लघुचित्र घरात असतं. कुणी सहलीहून आणलेलं, कुणी भेट दिलेलं, कधी लिलावात घेतलेलं. विमा उतरवताना, वाटणीच्या वेळी किंवा विकायला काढल्यावर त्याची किंमत सांगायची वेळ येते आणि बहुतेक जण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतात: हे किती जुनं आहे?

गेल्या शंभर वर्षांत पारंपरिक पद्धतीने रंगवलेली हजारो लघुचित्रं बाजारात आहेत. ती जुनी नाहीत, पण म्हणून खोटीही नाहीत. जुनं म्हणून विकलं तरच ते खोटं ठरतं. नव्या चित्राचं मोल नवं म्हणूनच करायचं असतं. हात कुणाचा, रेषा कशी, काम किती दिवसांचं, कल्पना स्वतःची की उतरवलेली आणि चित्र आज कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायचं. वयाचा एक रुपयाही त्यात मिसळायचा नाही.

थोडी पार्श्वभूमी लागते, कारण ‘पुनरुज्जीवन’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. अवनींद्रनाथ टागोरांनी 1902 च्या सुमारास मुघल शैलीकडे पाहत शाहजहानच्या अखेरच्या क्षणाचं चित्र काढलं. बंगालमधली ती चळवळ वेगळी. तिथे शैलीची प्रेरणा घेतली, पण चित्रकार कलाशाळेतले होते. जयपूर, उदयपूर, नाथद्वारा, किशनगढ, बिकानेर इथल्या चिताऱ्यांच्या घराण्यांनी मात्र हात न थांबवता काम चालू ठेवलं. संस्थानं विलीन झाल्यावर दरबार गेला आणि त्याच्या जागी पर्यटक, गॅलरी व संग्राहक आले. उदयपूरचे बी. जी. शर्मा आणि जयपूरचे वेदपाल शर्मा ‘बन्नू’ ही त्यातली ठळक नावं. पहाडी शैलीत चंब्याचे विजय शर्मा यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ‘नवं लघुचित्र’ म्हटलं की त्यात दुकानातला दीडशे रुपयांचा हत्तीही येतो आणि महिनोन्‌महिने बसून केलेलं कामही येतं. आपलं चित्र या शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे, हे ठरवणं म्हणजेच निम्मं मूल्यांकन.

सुरुवातीला हेतू लिहून ठेवा

एकाच चित्राच्या तीन खऱ्या किमती असू शकतात. तशाच दर्जाचं चित्र आज गॅलरीतून घ्यायला लागेल ती बदली-किंमत, आणि ती विम्यासाठी. घाई नसताना खुल्या बाजारात गिऱ्हाईक देईल ती रक्कम, आणि ती वाटणीसाठी. आणि उद्याच विकायचं असेल तर दुकानदार हातावर ठेवेल तो आकडा. पहिला आणि तिसरा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हेतू न लिहिता दिलेला आकडा पुढे भांडणाचं कारण होतो, कारण भाऊ विम्याचा आकडा धरून बसतो आणि बहीण दुकानदाराचा.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक साधी एलईडी बॅटरी, 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, मिलिमीटरची पट्टी, पांढरा स्वच्छ सोख्ता कागद आणि चांगला कॅमेरा असलेला फोन. एवढं पुरतं. कापडी हातमोजे घालू नका. बोटांना अंदाज राहत नाही आणि धागा रंगाच्या सुटलेल्या पापुद्र्यात अडकतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, तेच बरं.

आणखी एक गोष्ट. बाजारात ‘ओल्या बोटाची परीक्षा’ चालते. कोपऱ्यावर थुंकी लावून रंग निघतो का ते पाहायचं, आणि निघाला तर ‘बघा, डिंकातला खरा रंग’ म्हणायचं. असं कधीही करू नका. डिंकात कालवलेला रंग पाण्याने निघणारच, आणि निघाला की तेवढी जागा कायमची गेली. शिवाय स्वस्त पोस्टर कलरसुद्धा पाण्याने निघतो, त्यामुळे परीक्षेतून काही सिद्धही होत नाही.

चौकटीतून बाहेर काढा

काचेआडून केलेलं मूल्यांकन हे मूल्यांकन नव्हे. चौकट पालथी ठेवून मागच्या पिना हळूहळू वाकवा आणि पाठीचा पुठ्ठा उचला. चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा. दमट हवेत डिंक मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलं की चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो. असं चित्र कागद-संवर्धकाकडेच न्यायचं. माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला, सेलोटेपने चिकटवलेलं असेल तर तीही टेप सोडवायला जाऊ नका, फक्त नोंद करा.

चित्र मोकळं झालं की मापं घ्या: रंगवलेला भाग वेगळा, हाशियासकट (चित्राभोवतीच्या किनारीसकट) पूर्ण कागद वेगळा, आधी उंची आणि मग रुंदी. या दोन मापांतली गल्लत ही जाहिरातींमधली नेहमीची लबाडी आहे. बावीस सेंटिमीटरचं चित्र रुंद हाशियासह पस्तीस सेंटिमीटरचं होतं.

छपाई की हातकाम

आधी हे निकालात काढा, बाकी सगळं नंतर. भिंग आकाशावर किंवा गालावर धरा, म्हणजे जिथे रंग फिका आहे तिथे. ऑफसेट छपाई असेल तर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलासारख्या रचनेत दिसतात. इंकजेट असेल तर ठिपके विस्कटलेले, अगदी बारीक आणि रेषेची कड तुषारासारखी दिसते. हातकामात रंग सलग पसरलेला असतो आणि दोन रंग भेटतात तिथे एकावर एक चढलेली कड दिसते.

फसवणूक होते ती मधल्या प्रकारात. खाली छपाई आणि वर हाताने लावलेलं सोनं, मोती, दागिने. तिरक्या उजेडात मोती उठलेले दिसतात, बोटाला खडबडीत लागतात आणि पाहणारा समाधानाने मान डोलावतो. म्हणून दागिन्यांकडे पाहून निर्णय घेऊ नका, चेहरा आणि रिकामी जागा पाहा. ज्याला हात लावायला कुणी बसत नाही, ती जागा खरं बोलते. असं ‘सजवलेलं’ छापील चित्र निघालं तर मूल्यांकन तिथेच संपतं. ती सजावटीची वस्तू, किंमत चौकटीची.

वसली: कागद काय सांगतो

पारंपरिक चित्र एका कागदावर नसतं. हाताने बनवलेले तीन-चार कागद खळीने एकमेकांवर चिकटवून वसली करतात, ती सुकवून अकीकाच्या दगडाने घोटतात आणि मग तिच्यावर रेखाटन उतरवतात. रंगकाम होत असताना अधूनमधून चित्र गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवर पालथं ठेवून पाठीकडून घोटलं जातं. त्या घोटाईने रंगाचे थर एकजीव होतात आणि कुंचल्याचे माग मिटतात.

म्हणून पाठ पाहायची. बॅटरी जवळजवळ कागदाला समांतर धरा. घोटाई झालेली असेल तर पाठीवर एकाच दिशेच्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या पट्ट्या दिसतात. हे काम कंटाळवाणं आहे, दिसत नाही आणि स्वस्त मालात कुणी करत नाही. पाठ कोरडी, खरखरीत आणि पुढचा रंग पिठूळ असेल तर चित्र घाईचं आहे, असं समजायला हरकत नाही. वसलीचा कोपरा भिंगाखाली पाहिला की थर मोजता येतात. एकच जाड कागद असेल तर ते कार्डशीट.

आता अतिनील बॅटरी. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून. कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात प्रकाश वाढवणारं रसायन आहे. ही रसायनं साधारण 1950 नंतर कागदात सर्रास आली. पण इथे एक मेख आहे. सांगानेरसारख्या ठिकाणचा हातकागद होजियरीच्या सुती कात्रणांपासून बनतो आणि त्या कापडातच हे रसायन असू शकतं. म्हणजे झगमगाट ‘नवा कागद’ एवढंच सांगतो, ‘यंत्राचा कागद’ असं सांगत नाही. उलट झगमगाट नसला तर कागद जुना, असंही ठरत नाही.

पांढरा रंगही याच उजेडात पाहून घ्या. झिंकचा सफेदा पिवळसर-हिरवट चमकतो, टायटॅनियमचा पांढरा गडद, जांभळट दिसतो. टायटॅनियम पांढरा 1920 च्या आसपास बाजारात आला. तो मूळ थरात सापडला तर ‘अठराव्या शतकातलं’ हा दावा संपला. मात्र तो फक्त एखाद्या डागावर सापडला तर ती नंतरची डागडुजी असू शकते, म्हणून निदान तीन-चार ठिकाणी पाहा: मोती, कपड्यांचे काठ, ढग, बगळे.

जुन्या कागदावरचं नवं चित्र

हा वेगळा धंदा आहे आणि त्याला वेगळा परिच्छेद हवा. जुने मुद्रांक, दरबारी कागद, वहीखात्यांची आणि पोथ्यांची पानं घेऊन त्यावर हत्ती, उंट, राजा-राणी रंगवतात. वर शिक्का, बाजूला फारसी किंवा मोडीसारखं लिखाण आणि मधोमध ताजा उंट. शिक्क्यावरची तारीख कागदाची असते, चित्राची नाही, हे विक्रेता सांगत नाही.

ओळखायला कसरीचं भोक सर्वांत उपयोगी. भिंगाखाली भोकाची कड पाहा. किडीने चित्र झाल्यानंतर कागद खाल्ला असेल तर रंग भोकाच्या काठाशी तुटतो आणि आतल्या भिंतीवर कागदाचे कोरडे धागे दिसतात. भोक आधीचं असेल तर रंग काठावरून आत ओघळलेला असतो, भोकाच्या भिंतीला लागलेला असतो, किंवा कुंचला भोकाला बगल देऊन गेलेला दिसतो. घडीचंही तसंच. जुन्या घडीच्या खाचेत रंग साचला असेल तर घडी आधी, चित्र नंतर. रंगच घडीवर तडकून उडाला असेल तर चित्र आधी.

चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद बहुधा पाठीवर सापडतो: डाग ढगासारखे, कडांना गडद रेघ आणि वास मात्र जुनाट नाही. खरा जुना कागद उघड्या कडांशी जास्त आणि माउंटखाली कमी पिवळा झालेला असतो.

अशा चित्रांना मोल कमीच द्यावं. आणि पान एखाद्या पोथीतून फाडलेलं दिसलं तर चित्रापेक्षा कागदाची चौकशी आधी करा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक महत्त्वाची हस्तलिखितं 75 वर्षांनंतरच पुरावस्तू ठरतात. एका उंटासाठी पोथी फोडलेली पाहून हळहळ वाटते, पण अहवालात फक्त नोंद करायची.

हस्तिदंतावरची चित्रं दाखवायला आणली जातात, त्यांच्याबद्दल थोडक्यात: बहुतेक वेळा ते उंटाचं हाड किंवा प्लास्टिक असतं. हाडावर भिंगाखाली बारीक गडद छिद्रं आणि तुटक रेघा दिसतात, प्लास्टिक सपाट एकसारखं असतं. खऱ्या हस्तिदंताची शंका आली तर किंमत लिहूच नका. वन्यजीव कायद्याने देशात त्याच्या व्यापाराला बंदी आहे. तापलेल्या सुईची परीक्षा तर अजिबात नको.

रंग आणि सोनं

‘पत्थर के रंग हैं साहब’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं आणि समोर शिळेवर एक दगड घासून दाखवला जातो. त्या दगडाचा या चित्राशी संबंध आहे हे कुठेच सिद्ध होत नाही. भिंगाखाली मात्र काही कळतं. दळलेल्या लाजवर्दात (निळ्या दगडाच्या रंगात) निळ्याच्या निरनिराळ्या छटांचे कण दिसतात, मध्येच एखादा पांढरट. कारखान्यात बनलेला निळा, म्हणजे अल्ट्रामरीन, पूर्ण एकसारखा असतो. हिंगूळ (लाल) आणि हरताळ (पिवळा) या खनिज रंगांत कणांची चमक असते, पोस्टर कलर खडूसारखा मंद दिसतो. पेवडी (जुना पारंपरिक पिवळा रंग) म्हणून विकला जाणारा पिवळा अतिनील उजेडात झळाळून उठला तर दाव्यात तथ्य असू शकतं, पण नुसत्या झळाळीवरून शिक्कामोर्तब करू नका, इतरही पिवळे रंग चमकतात.

आमचं मत असं की कृत्रिम रंग वापरला म्हणून चांगल्या चित्रकाराची किंमत पाडू नये. झिंकचा सफेदा तर शंभर-दीडशे वर्षांपासून चितारी वापरतात. किंमत पाडायची ती खोट्या दाव्याची.

सोन्याबाबत मात्र कडक राहावं. वर्ख डिंकात घोटून केलेलं खरं सोनं अनेक वर्षांनीही तसंच राहतं, घोटलेलं असेल तर आरशासारखं लकाकतं आणि त्याच्यावर सुईने टोचलेले ठिपके दिसू शकतात. पितळी पावडरीत भिंगाखाली सुटे चपटे कण दिसतात, कालांतराने ती तपकिरी पडते आणि तिच्या कडेने कागदावर हिरवट छटा येते. बसोहली शैलीच्या जुन्या चित्रांत पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे तुकडे चिकटवत. नव्या चित्रांत ती जागा बहुधा हिरव्या चकचकीत रंगाने भरतात. तो दोष नाही, पण विक्रेता ‘भुंग्याचे पंख’ म्हणत असेल तर तिरक्या उजेडात त्या तुकड्याला कापलेली कड आहे का ते पाहा.

रेषा: इथे सर्वांत जास्त वेळ घालवा

कागद, रंग, सोनं विकत मिळतं. रेषा मिळत नाही. म्हणून मूल्यांकनाला एक तास असेल तर त्यातली चाळीस मिनिटं इथे द्या.

उदाहरणाला किशनगढची बणी-ठणी घेऊ. अठराव्या शतकात निहालचंदने घडवलेला हा चेहरा 1973 मध्ये टपाल तिकिटावर आला आणि लघुचित्रांत बहुधा सर्वाधिक उतरवला गेलेला चेहरा हाच असावा. त्यामुळे तुलनेला सोपा. वरच्या पापणीच्या रेषेवर भिंग धरा. चांगल्या हाताची रेषा नाकाकडच्या टोकाला केसाइतकी बारीक निघते, पापणीच्या मध्यावर भरते आणि कानाकडे जाताना पुन्हा निमुळती होत विरते. एका श्वासात ओढलेली असते, कुठे जोड नसतो. कच्च्या हाताच्या रेषेत सुरुवातीला रंगाचा थेंब साचलेला असतो, जाडी शेवटपर्यंत सारखीच असते आणि लांब वळणावर दोन-तीन तुकडे जोडलेले दिसतात. डोळा मोठा आणि सुंदर वाटतो, पण भिंगाखाली तो तारेचा बनवल्यासारखा दिसतो.

तिथून कानापुढे उतरणाऱ्या बटेकडे या. जाणता चितारी केस एकेक ओढतो, केसांच्या मधून कातडीचा रंग दिसतो आणि बटेचं टोक एका केसावर संपतं. घाईच्या कामात आधी काळा पट्टा भरतात आणि मग त्याच्या कडेला पाच-सात केस काढून देतात. मग मोती पाहा. नीट काढलेल्या मोत्यात पांढरा थेंब किंचित उठलेला असतो, खाली राखी चंद्रकोर असते आणि माळ खांद्यावर वळते तिथे मोती लहान होत जातात. घाईत सगळे मोती सारखे, सपाट, मोजून ठेवल्यासारखे. बोटांची नखं, ओढणीच्या आरपार दिसणारा दंड आणि ओढणीच्या दुमडीची दुहेरी छटा, याही तीन जागा अशाच चुगलखोर.

छटा कशी दिली आहे तेही पाहा. परदाज म्हणजे अतिबारीक ठिपके किंवा रेघांनी दिलेला उठाव. गालाचा उठाव खऱ्या परदाजात गालाच्या गोलाईबरोबर फिरणाऱ्या रेघांचा असतो. ओल्या कुंचल्याने पसरवलेला गुलाबी डाग म्हणजे परदाज नव्हे, लांबून तो कितीही गोड दिसो.

मग भिंग बाजूला ठेवून चित्र हातभर अंतरावर धरा. चिताऱ्यांच्या कारखान्यात, म्हणजे उस्तादाच्या कार्यशाळेत, काम वाटलेलं असतं. चेहरे उस्तादाचे, झाडं, इमारती आणि हाशिया शिष्यांचे. चेहरा उत्तम आणि झाडाची पानं शिक्क्यासारखी एकसारखी, असं दिसलं तर ते कारखान्याचं चित्र आहे. त्यात कमीपणा नाही, मुघल दरबारातही अशीच विभागणी असे. पण त्याला उस्तादाच्या एकट्या हाताचा भाव लावायचा नाही.

कल्पना कुणाची

परंपरेत खाके, म्हणजे रेखाटनाचे साचे, पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. रेखाटनाला बारीक भोकं पाडून कोळशाची भुकटी झटकली की आकृती खालच्या कागदावर उतरते. पातळ रंगाखाली कोळशाचे ठिपके रांगेत दिसले तर खाका वापरलेला आहे. एकाच खाक्यावरून पन्नास चित्रं निघतात, कधी आरशातल्यासारखी उलटीही. म्हणून संपूर्ण नवी रचना, जुन्या रचनेत केलेला विचारपूर्वक बदल, मूळ चित्राची नेटकी प्रतिकृती आणि खाक्यावरचं नेहमीचं काम, असे चार गट करा. किंमत साधारण याच क्रमाने उतरते. अपवाद एकच, मोठ्या उस्तादाने केलेली प्रतिकृती. ती दुय्यम हाताच्या नव्या रचनेला मागे टाकते.

प्रतिकृतीचा स्रोत शोधा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला मुघल चित्रकार मन्सूरचा झेब्रा 1621 चा. त्याची नक्कल समोर असेल तर ती मूळ चित्र पाहून केलेली की पुस्तकातल्या छापील चित्रावरून, हे कळतं. छपाईत हिरवा तपकिरीकडे झुकला असेल तर नकलेतही तोच झुकाव येतो. पुस्तकात हाशिया कापलेला असेल तर नकलेतही चित्र तिथेच कापलेलं असतं. लिखाण तर हमखास पकडून देतं. फारसी न जाणणाऱ्याने उतरवलेली अक्षरं दिसायला डौलदार, पण नुक्ते (अक्षरांचे ठिपके) भलतीकडे आणि शब्द मध्येच तुटलेले. वाचणाऱ्याला दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अस्सल जुनी लघुचित्रं आहेत. मूल्यांकन करू पाहणाऱ्याने वर्षातून दोनदा तरी तिथे जाऊन डोळा ताजा करावा. छापील चित्रांवर पोसलेला डोळा घोटाई ओळखत नाही.

नाव, सही, कागदपत्रं

नव्या चित्रकारांची सही हाशियावर किंवा पाठीवर असते. सही रंगाच्या थराशी जुळते का, धुळीवर तर केलेली नाही ना, आणि त्याच चित्रकाराच्या खात्रीच्या दोन-तीन चित्रांवरच्या सहीशी वळण जुळतं का, हे पाहा. चित्रकार हयात असेल तर फोटो पाठवून लेखी होकार मागणं सर्वांत स्वस्त आणि पक्कं.

राष्ट्रीय पुरस्कार, शिल्पगुरू असे शब्द विक्रेते मोठ्या अक्षरात लिहितात. राष्ट्रीय पुरस्कार विशिष्ट कलाकृतीसाठी मिळालेला असतो, समोरचं चित्र तेच असेल असं नाही. शिवाय वडिलांना मिळालेला पुरस्कार मुलाच्या चित्राला लावण्याची प्रथा जोरात आहे. दुकानाने स्वतःच छापलेल्या ‘अस्सलतेच्या दाखल्या’ला पावतीइतकंही वजन नाही. पावती, प्रदर्शनाची पुस्तिका, चित्रकाराबरोबरचा पत्रव्यवहार, जुना फोटो ज्यात चित्र भिंतीवर दिसतं, ही खरी कागदपत्रं.

पावती जपायला आणखी एक कारण आहे. घरातल्या वापराच्या बहुतेक वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण चित्रं त्या सवलतीत येत नाहीत.

स्थिती

चेहऱ्यावरचा मिलिमीटरभर उडालेला रंग हाशियावरच्या हातभर डागापेक्षा महाग पडतो. हाशिया बदलता येतो, डोळा बदलता येत नाही. तिरक्या उजेडात पांढऱ्याचे जाड थर तपासा, तिथूनच रंग आधी सुटतो. डिंक कमी पडला असेल तर रंग भुकटीसारखा झडतो आणि खालच्या कडेला पांढऱ्या कागदावर कण सापडतात. डिंक जास्त झाला असेल तर रंगाला जाळीसारखे तडे जातात आणि पापुद्रे वर वळतात. दोन्ही दोष चित्रकाराचे, मालकाचे नाहीत, आणि पुढे वाढतच जातात. म्हणून किंमत पाडताना हात आखडू नका.

दमट हवेने वसली पन्हाळीसारखी वाकते, तपकिरी ठिपके उठतात, कसर खळीच्या मोहाने पाठ कुरतडते. माउंटच्या कडेने तपकिरी चौकट उमटली असेल तर पुठ्ठा आम्लयुक्त आहे. चित्राचा माउंटखाली झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी ताडून पाहा. लाखेचा किंवा किरमिजी गुलाबी रंग उघड्या भागात फिका पडला असेल तर चित्र उन्हात टांगलेलं होतं. उडालेला रंग परत येत नाही. दुरुस्ती झाली असेल तर अतिनील उजेडात ती गडद किंवा वेगळ्या छटेच्या ठिगळासारखी दिसते.

आकडा

दोन बाजूंनी या आणि मध्ये भेटा.

पहिली बाजू श्रमाची. हिशोबाची रीत दाखवायला आकडे धरू. चाळीस दिवसांचं काम, रोजचे 1,500 रुपये, म्हणजे 60,000. वसली, रंग, सोनं यांचे 8,000. चित्रकाराच्या घरात चित्र 68,000 ला पडलं. गॅलरीने आपला वाटा तेवढाच लावला तर भिंतीवरची किंमत 1,36,000. दिवसांचा अंदाज चित्रकाराला किंवा त्याच कामातल्या दुसऱ्याला विचारूनच घ्या. चौरस इंचावर भाव काढू नका. तळहाताएवढ्या चित्रात महिनाभराचं परदाज असू शकतं आणि भिंतभर चित्र आठवड्यात उरकलेलं.

दुसरी बाजू विक्रीची. त्याच चित्रकाराची, तशाच मापाची, तशाच गटातली निदान तीन झालेली विक्री शोधा. झालेली विक्री, मागितलेली किंमत नव्हे. संकेतस्थळावर पाच वर्षं ‘उपलब्ध’ असलेलं चित्र फक्त एवढंच सांगतं की त्या भावाला गिऱ्हाईक नाही. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं अधिमूल्य (बोलीवर लिलावघर घेतं ती जादा रक्कम) धरलंय की नाही ते पाहा, नाहीतर तुलना फसते. आणि जुन्या लघुचित्रांचे लिलाव तुलनेला घेऊ नका. तो बाजारच वेगळा.

अनाम कारखान्याच्या चित्राला पुनर्विक्रीत अनेकदा श्रमाइतकेही पैसे येत नाहीत. हे मालकाला सांगणं जड जातं, तरी सांगावं. विम्यासाठी गॅलरीची बदली-किंमत लिहा, वाटणीसाठी झालेल्या विक्रीचा आकडा. नामवंताचं चित्र असेल तर विक्रीची बाजू वरचढ ठरते आणि श्रमाचा हिशोब फक्त तळ दाखवतो.

चित्र परदेशी पाठवायचं असेल तर आणखी एक पायरी. शंभर वर्षांहून जुनी चित्रं पुरावस्तू ठरतात आणि खासगी निर्यातीला बंदी आहे. नवं चित्र जुन्यासारखं दिसलं की सीमाशुल्कात अडतं, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्यावा. अवनींद्रनाथांसारख्या काही नेमक्या चित्रकारांची कामं वय कमी असली तरी कलानिधी म्हणून बाहेर नेता येत नाहीत.

अहवाल

एका पानात मावला पाहिजे: विषय आणि शैली, दोन्ही मापं, कागद आणि रंग याबद्दल जे दिसलं ते, हात आणि गट, सही, कागदपत्रं, स्थिती, हेतू, आकडा आणि तारीख. फोटो सहा: पूर्ण पुढून, पूर्ण पाठीकडून, तिरक्या उजेडात, अतिनील उजेडात, चेहरा भिंगातून, सही भिंगातून. ‘खात्रीने’, ‘बहुधा’ आणि ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ हे तीन शब्दप्रयोग काटेकोरपणे वेगळे वापरा. बाजार हलतो, म्हणून विम्याचा अहवाल तीन ते पाच वर्षांनी नवा करावा. आणि चित्र काचेला चिकटल्यामुळे चौकटीतून काढता आलं नसेल, तर आकड्याच्या वरच, पहिल्या ओळीत, तसं लिहावं: पाठ पाहिलेली नाही.